गोबरगॅस बांधण्याआधी आणि बांधल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोबरगॅसबद्दल फोनवर, व्हॉट्सअॅपवर आणि गोठ्यात उभ्या उभ्या लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीला नवीन बांधणाऱ्यांचे प्रश्न आहेत, पुढे बांधून अडकलेल्यांचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शेणात गॅस असतो म्हणजे नेमकं काय असतं?

शेणात गॅस नसतो, जिवाणूंचं खाद्य असतं. जनावराला वैरणीतलं सगळं पचत नाही, न पचलेलं शेणातून बाहेर पडतं. शेण-पाणी कालवून हवाबंद टाकीत ठेवलं की जिवाणू ते खातात. काही जातीचे जिवाणू आधी त्याची आम्लं करतात आणि दुसऱ्या जातीचे त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. हे मिथेनवाले गुरांच्या पोटातलेच, त्यामुळे ताज्या शेणात विरजण आयतंच असतं.

तयार होणाऱ्या गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा किंचित हायड्रोजन सल्फाइड. जळतो तो मुख्यतः मिथेन. हे लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये लागेल.

२. दोन गाई आणि एक म्हैस आहे. किती घनमीटरचा बांधू?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

संचाचं माप म्हणजे टाकीचा आकार नाही, तो दिवसाला किती घनमीटर गॅस देतो ते. पुस्तकी आकडे असे: म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते, गाय किंवा बैल १० किलो, वासरू ५ किलो. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे २५ किलो ताजं शेण लागतं. तुमचं शेण झालं ३५ किलो, म्हणजे कागदावर सव्वा-दीड घनमीटर. लोक इथे थांबतात आणि 'पुढे जनावरं वाढतीलच की' म्हणून २ किंवा ३ घनमीटरचा बांधून घेतात.

पण ते ३५ किलो दिवसभर दावणीला असलेल्या जनावरांचं. तुमच्या गाई सकाळी चरायला जाऊन संध्याकाळी परत येत असतील, तर निम्मं शेण रानात पडतं आणि टाकीच्या वाट्याला फक्त रात्रीचं येतं. पावसाळ्यात गोठ्यात चिखल झाला की तेही धड गोळा होत नाही. म्हणून जनावरं मोजू नका, घमेली मोजा. एक घमेलं ताण काट्यावर वजन करून घ्या आणि आठवडाभर रोज किती घमेली निघतात ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. सरासरी ३० किलो आली तर १ घनमीटरचा बांधा, उरलेलं शेण खड्ड्यात जाऊ द्या. ५० च्या वर सातत्याने येत असेल तरच २ घनमीटर.

मोठा बांधून कमी शेण टाकलं तर गॅस थोडा कमी येईल, इतकंच नुकसान होत नाही. दाब तयार होत नाही, शेगडी धड चालत नाही, घरातली बाई कंटाळून सिलिंडरकडे वळते, मग शेण टाकणंच बंद पडतं. वरचा थर वाळून कडक होतो आणि वर्षभरात त्या खड्ड्यात पाणी साचून गवत उगवतं. बंद पडलेले जे गोबरगॅस मी पाहतो, त्यांतले बरेच बांधकामामुळे नाही, मापामुळे मेलेले असतात. मोठं माप सुचवणाऱ्या ठेकेदाराला बिल मोठं मिळतं, हेही विसरू नका.

३. घरचा गॅस सिलिंडर पूर्ण बंद होईल का?

एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे सुमारे ०.४३ किलो एलपीजी. १४.२ किलोच्या सिलिंडरइतकं काम व्हायला अंदाजे ३३ घनमीटर लागतात. म्हणजे १ घनमीटरचा संच व्यवस्थित चालला तर महिन्याला जवळपास एका सिलिंडरचं काम करतो. 'व्यवस्थित' हा शब्द मात्र मे महिन्याला लागू पडतो, जानेवारीला नाही (प्रश्न १३). माणशी रोज पाव घनमीटर धरा. चार-पाच माणसांचं घर १ घनमीटरवर बरंचसं चालतं, पाहुणे आले की चालत नाही. सिलिंडरचं कनेक्शन परत करू नका.

४. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या तरी तीच आग. मग एवढा खटाटोप कशाला?

साध्या चुलीत गोवरीतली दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्याला लागते, बाकी धुरात आणि हवेत जाते. गोबरगॅसच्या चांगल्या शेगडीत निम्म्याहून जास्त लागते. शिवाय गोवरी जळली की शेणातलं नत्र गेलं, हातात राख उरली. टाकीतून शेण बाहेर येतं तेव्हा जळणासाठी फक्त त्यातला कार्बन खर्च झालेला असतो, नत्र-स्फुरद-पालाश जवळजवळ तसंच असतं. धुराचं सांगायला नको, ते डोळ्यांना आधीच माहीत आहे.

५. ड्रमवाला, घुमटवाला की पिशवीवाला?

लोखंडी टोपी वर-खाली होते तो ड्रमवाला. जशभाई पटेल यांच्या कामातून हा नमुना पुढे आला आणि १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो देशभर नेला. त्याचा मोठा गुण म्हणजे किती गॅस आहे ते टोपीच्या उंचीवरून दिसतं आणि दाब सारखा राहतो. दोष म्हणजे टोपी गंजते, दरवर्षी रंग द्यावा लागतो आणि तो कोणी देत नाही. फायबरच्या टोपीने हा त्रास कमी झाला, किंमत वाढली.

जमिनीखालचा विटांचा घुमट म्हणजे दीनबंधू, १९८४ चा. लोखंड नाही, हलणारा भाग नाही, नीट बांधला तर पंचवीस वर्षं बघायला नको. मात्र सगळं गवंड्याच्या हातात असतं. घुमटाच्या आतला गिलावा केसभर तडकला तर गॅस जातो, आणि तो कुठून जातो ते दिसत नाही. ज्याने आधी दीनबंधू बांधले आहेत असाच गवंडी घ्या आणि त्याने बांधलेले दोन चालू संच स्वतः जाऊन पाहा. घर चांगलं बांधतो म्हणून घुमट चांगला बांधेल असं नाही.

पिशवी एका दिवसात बसते आणि उचलून नेता येते. उंदीर, शेळीची शिंगं आणि कडक ऊन हे तिचे शत्रू. भाड्याच्या जागेत किंवा खडकाळ जमिनीत ती बरी. स्वतःची जागा आणि मुरमाची जमीन असेल तर माझं मत दीनबंधूलाच.

६. अनुदान मिळतं का? कुठे विचारायचं?

मिळतं. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा. रक्कम संचाच्या मापाप्रमाणे आणि प्रवर्गाप्रमाणे बदलते, योजना आणि उद्दिष्टही दरवर्षी बदलतं, म्हणून इथे आकडा देत नाही. खड्डा खणण्याआधी जा. अनुदान जास्त मिळतं म्हणून माप वाढवू नका (प्रश्न २).

७. जागा कशी निवडायची?

गोठ्याजवळ. स्वयंपाकघराजवळही हवी, पण दोन्ही जमत नसेल तर गोठा निवडा, कारण गॅस पाइपातून आपोआप येतो, शेण माणसाला वाहावं लागतं. ऊन दिवसभर हवं. विहीर किंवा बोअरपासून किमान १५ मीटर लांब राहा. वड, पिंपळ, बांबू जवळ नको, मुळं भिंत फोडतात. पावसाचं पाणी वाहत येऊन टाकीत शिरेल असा उतार नको. पाइपाला टाकीच्या बाजूला किंवा मधल्या सापळ्याच्या (पाइपातलं पाणी जमा करून काढायच्या जागेच्या) बाजूला सतत उतार ठेवा. मध्ये झोळ राहिला तर वाफेचं पाणी तिथेच साचतं.

८. पहिल्यांदा किती शेण लागतं? गॅस किती दिवसांनी येतो?

आपल्या हवामानात शेण टाकीत साधारण ४० दिवस राहील असा हिशेब करतात. २ घनमीटरच्या संचात रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी जाणार, म्हणजे पहिली भरती ४,००० लिटरची आणि त्यात सुमारे दोन टन शेण. एवढं घरचं एकदम नसतंच. शेजाऱ्यांचं आणा, पण ताजं आणा. उकिरड्यावर महिनाभर पडलेल्या शेणातलं सत्त्व आधीच गेलेलं असतं. चालू गोबरगॅसची दहा-वीस बादल्या स्लरी (टाकीतून बाहेर येणारा पचलेला काला) मिळाली तर ती आधी ओता, काम लवकर सुरू होतं.

उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत गॅस दिसतो. पहिला गॅस सोडून द्या. त्यात हवा मिसळलेली असते आणि मिथेन कमी असतो. पेटतो का हे बघायला टाकीच्या नळीला काडी लावू नका. तपासायचं ते शेगडीवरच.

९. रोज शेण कसं टाकायचं? पाणी किती?

शेण आणि पाणी सारख्या वजनाने. आधी कालवायच्या टाकीचं भोक बोळ्याने बंद करा, शेण टाका, पाणी घाला आणि हाताने किंवा फावड्याने गाठी फोडा. पळीवाढी आमटीसारखा काला झाला पाहिजे. मग पाच मिनिटं तसाच राहू द्या. वर तरंगलेल्या गवताच्या काड्या, पाचट काढून टाका. वाळू आणि खडे खाली बसतील, ते टाकीत जाऊ देऊ नका. बोळा काढा आणि तळाचा गाळ मागे ठेवून काला सोडा.

ही पाच मिनिटं सगळे वाचवतात. तरंगणाऱ्या काड्यांचा पुढे वर जाड थर बनतो आणि वाळू तळाशी साचून टाकी दरवर्षी थोडी थोडी लहान करते. गोठ्यात खाली मुरूम असेल तर शेण खरवडताना तोही येतो. गोठ्याला कोबा केला तर शेण स्वच्छ मिळतं आणि गोमूत्रही गोळा करता येतं.

१०. आमच्याकडे जानेवारीनंतर प्यायलाच पाणी नाही. गोबरगॅसला कुठून आणू?

प्रश्न बरोबर आहे आणि याला सोपं उत्तर नाही. १ घनमीटरला रोज २५ लिटर लागतात. भांडी धुतलेलं पाणी चालतं, पण साबणाचं नाही. थोडं गोमूत्र चालतं, सगळं पाणी गोमूत्राचं केलं तर अमोनिया वाढून जिवाणू मरतात. सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे बाहेर आलेली स्लरी खड्ड्यात निवळू द्यायची आणि वरचं पातळ पाणी परत कालवायला वापरायचं. निम्मं पाणी असं वाचतं. तेही जमत नसेल आणि टँकरवर दिवस काढत असाल, तर उन्हाळ्याचे दोन महिने संच अर्धपोटी ठेवा. मरत नाही.

११. गॅस येतो, वास येतो, पण शेगडी पेटत नाही किंवा पेटून विझते. काय करू?

आधी पाइप बघा. शेगडीची ज्योत नाचत असेल, भकभक करत असेल, तर पाइपात पाणी आहे. सापळ्याची चावी उघडून काढा. महिन्यातून एकदा तरी काढायचंच असतं, थंडीत जास्त वेळा.

मग शेगडी बघा. एलपीजीची शेगडी गोबरगॅसवर चालत नाही. गोबरगॅसचा दाब कमी आणि त्यात न जळणारा वायू जास्त, म्हणून भोक मोठं आणि हवेचं प्रमाण वेगळं लागतं. आयएसआय खूण असलेली गोबरगॅसचीच शेगडी घ्या. ती असूनही त्रास असेल तर हवेची झडप बंद करून पेटवा आणि हळूहळू उघडा. ज्योत निळी, आवाज बारीक, टोकाला पिवळं नाही, तिथे थांबवा. भाकरी फुगत नाही अशी तक्रार असते, ती बहुतेक वेळा याच झडपेची असते.

हे सगळं ठीक असूनही पेटत नसेल तर गॅसमध्ये मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. नवीन संचात हे होतंच (प्रश्न ८). जुन्या संचात झालं तर टाकी आंबली आहे. बाहेर येणाऱ्या स्लरीचा वास घ्या. आंबट, नाकात झोंबणारा वास असेल तर आठवडाभर टाकीत काही टाकू नका, मग फक्त ताज्या शेणावर निम्म्या मापाने सुरुवात करा. सामू (पीएच) मोजायचा कागद असेल तर तो ६.८ ते ७.२ च्या आसपास हवा. चुन्याची निवळी थोडी घातली तरी चालते, पण चुना घालून मोकळं होण्यापेक्षा आंबलं कशाने ते शोधा. कारण बहुधा प्रश्न १६ मध्ये सापडेल.

१२. कालपर्यंत छान चालू होता, आता गॅस निम्म्यावर आला.

एका दिवसात पडला तर गळती. चाव्या, जोड आणि घुमटाच्या माथ्यावरचा पाइप, तिन्ही ठिकाणी साबणाचा फेस लावा, बुडबुडे दिसतील. काडी लावून गळती शोधणारे अजून भेटतात. तसं कधीही करू नका. हळूहळू आठवडाभरात पडला तर थंडी (प्रश्न १३), वर जमलेला थर (प्रश्न ९) किंवा जनावराचं औषध (प्रश्न २१).

१३. थंडीत गॅस का कमी होतो?

जिवाणूंना ३० ते ३५ अंश मानवतं. २० च्या खाली ते मंदावतात, १० च्या आसपास जवळजवळ थांबतात. नाशिक-निफाडकडे किंवा विदर्भात डिसेंबरच्या रात्री असतात तशा रात्रींत जमिनीखालची टाकी तग धरते, पण गॅस कमी होतो. कालवायचं पाणी काळ्या पिंपात उन्हात ठेवा आणि सकाळऐवजी दुपारी शेण टाका. घुमटावर पाचटाचा जाड थर द्या, त्यावर कंपोस्टचा ढीग घातला तर अजून चांगलं, तो स्वतः तापतो. थंडीत जास्त शेण टाकून भरपाई करायला जाऊ नका, न पचलेलं बाहेर येतं.

१४. बाहेर येणाऱ्या स्लरीचं काय करायचं? घाण वाटते.

हिच्यासाठीच गोबरगॅस बांधायचा असतो, असं मी सरळ सांगतो. गॅसचे पैसे महिन्याच्या महिन्याला दिसतात म्हणून लोक त्याचाच हिशेब करतात.

रोज २५ किलो शेण म्हणजे वर्षाला नऊ टनांहून जास्त. त्यात ढोबळ हिशेबाने तीस किलोच्या आसपास नत्र असतं, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या दीड पोत्याइतकं. उघड्या उकिरड्यावर यातलं बरंचसं उन्हात उडतं आणि पावसात वाहून जातं. टाकीत ते राहतं, आणि त्यातलं बरंच पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात येतं. अडचण तिथेच आहे: स्लरी उन्हात पसरून वाळवली की तोच अमोनिया हवेत जातो. वाळवून पोत्यात भरून ठेवणारे अर्धा माल उडवून देतात.

सगळ्यात चांगलं म्हणजे ताजी स्लरी पाटाच्या पाण्यातून सोडणं. रान लांब असेल तर बाहेरच्या तोंडाशी दोन खड्डे करा. एकात पाचट, तुराट्यांचा भुगा, पालापाचोळा यांचे थर द्या आणि त्यावर स्लरी सोडा. तो भरला की दुसरा. तीन महिन्यांत पहिल्यातून काळं, भुसभुशीत खत निघतं, डोक्यावर नेता येतं आणि वास येत नाही. खड्ड्यांवर सावली ठेवा. गांडूळखत करायचं असेल तर स्लरी आधी आठवडाभर मुरू द्या, ताजीत गांडुळं मरतात.

तणाच्या बिया? बऱ्याचशा टाकीत मरतात, सगळ्या नाहीत. वास? न पचलेल्या शेणाला असतो. पचलेल्या स्लरीवर माश्याही फारशा बसत नाहीत. तुमच्या स्लरीवर बसत असतील तर शेण टाकीत पुरेसे दिवस राहत नाहीये.

१५. संडास जोडला तर चालेल का? जोडल्यावर त्या गॅसवर स्वयंपाक करायचा?

चालतो, आणि ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस केला होता. कोकणात अप्पा पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याच्या खतासाठी आयुष्य घातलं. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडायचा 'मलप्रभा' संच विकसित केला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

गॅसला वास, विटाळ काही लागत नाही. जळणारा मिथेन तोच. घरातली जुनी माणसं तरी तयार होत नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नका. एका घरी वेगळी शेगडी पाणी तापवायला ठेवली होती, वर्षभरात सासूबाईच त्यावर दूध तापवायला लागल्या.

आता हिशेब. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला फक्त ०.०२ ते ०.०३ घनमीटर गॅस मिळतो. पाच माणसांचा मिळून वीसेक मिनिटं शेगडी चालेल, चहा-पाण्यापुरता. म्हणून नुसत्या संडासावर स्वयंपाकघर चालत नाही. संडास जोडायचा तो मैल्याची सोय म्हणून, गॅससाठी शेण हवंच. फिनेल, अॅसिड टाकून संडास धुवायचा नाही आणि न्हाणीचं पाणी टाकीत येऊ द्यायचं नाही. स्लरी थेट कच्च्या खायच्या भाज्यांना द्यायची नाही. कृमींची अंडी टाकीत सगळी मरत नाहीत. खड्ड्यात कुजवून फळझाडांना द्या.

१६. उरलेलं अन्न, भाजीचा कचरा टाकला तर गॅस वाढतो म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि म्हणूनच घोटाळा होतो. शेण जनावराने एकदा पचवलेलं असतं, भातात आणि पिठात सत्त्व तसंच असतं. किलोमागे गॅस शेणाच्या कितीतरी पट आणि लवकर येतो. पण आम्लंही लवकर बनतात. लग्नाच्या पंगतीनंतर पातेलंभर शिळा भात एकदम ओतला की दोन दिवस गॅस जोरात येतो आणि चौथ्या दिवशी टाकी आंबते (प्रश्न ११). रोज किलो-दोन किलोने सुरुवात करा, बारीक करून पाण्यात कालवून टाका. लिंबू-मोसंबीच्या साली, कांद्याची टरफलं, हाडं, नारळाच्या करवंट्या नकोत. तेलकट रस्सा थोडाच. कोंबडीखत टाकत असाल तर त्यात नत्र फार आहे, शेणात मिसळून थोडं थोडं.

१७. आम्ही पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, गाय नाही. आमच्यासाठी काही आहे का?

आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या 'आरती' संस्थेने घरगुती ओल्या कचऱ्यावरचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा छोटा संच तयार केला. २००६ साली त्याला अॅशडेन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला एकदा शेण लागतं, नंतर पीठ, भात, पिकलेली फळं यांवर चालतो. गच्चीवर किंवा बंगल्याच्या अंगणात बरा. मात्र चार माणसांच्या घरातून निघणारा कचरा बहुधा पुरत नाही, शेजारच्या दोन घरांचाही लागतो.

सोसायटीसाठी किंवा बाजार समितीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेली 'निसर्गऋण' पद्धत आहे. तिच्यात कचरा आधी गरम पाण्याच्या मदतीने हवेत मऊ करतात आणि मग मुख्य टाकीत सोडतात, त्यामुळे आंबण्याचा धोका कमी. शहराच्या पातळीवर गोव्यातला साळगावचा प्रकल्प आणि इंदूरचा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प आहे. सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला: ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिक येता कामा नये. सोसायटीच्या बैठकीत यंत्राच्या किमतीवर दोन तास चर्चा होते आणि कचरा वेगळा कोण करणार यावर पाच मिनिटं. ती वेळ उलटी वाटा.

१८. जास्तीचा गॅस सिलिंडरमध्ये भरून विकता येईल का?

घरी नाही. एलपीजी थोड्या दाबाखाली द्रव होतो म्हणून छोट्या टाकीत मावतो. मिथेन उणे ८२ अंशांपेक्षा थंड केल्याशिवाय कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्याला आधी शुद्ध करून २०० पट वातावरणदाबाच्या वर दाबावं लागतं, आणि त्याला विशेष सिलिंडर, यंत्रं, परवाने लागतात. साखर कारखाने प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून) असा गॅस करू शकतात, २०१८ पासून तेल कंपन्यांनी तो विकत घेण्याची 'सतत' योजना आहे. ट्रकच्या ट्यूबमध्ये गॅस भरून नेणाऱ्यांचे व्हिडिओ फिरतात. तसं करू नका.

१९. वीज तयार होईल का?

एक घनमीटरपासून दीड-दोन युनिट. घरगुती संचावर जनरेटरचा खर्च निघत नाही. पंचवीस-तीस जनावरांचा गोठा असेल तर विचार करा, आणि इंजिनाआधी हायड्रोजन सल्फाइड काढायला लोखंडी किसाची गाळणी लावा, नाहीतर इंजिन गंजतं.

२०. टाकी साफ करायची आहे. माणूस आत उतरवला तर चालेल?

नाही. रिकामी दिसत असली तरी नाही, झाकण आठवडाभर उघडं असलं तरी स्वतःच्या भरवशावर नाही. आत ऑक्सिजन नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला तर त्याचा वासच येईनासा होतो, माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्यांत मरणारे बहुतेक वेळा एकाच घरातले असतात. गाळ पंपाने उपसून काढा. आत माणूस जाणं अटळच असेल तर ब्लोअरने हवा, कमरेला दोर, बाहेर दोन माणसं आणि हे काम नेहमी करणारी टोळी, एवढं असल्याशिवाय नाही. आत पडलेल्याला वाचवायला उडी मारू नका. ब्लोअरने आत हवा सोडा, दोर टाका, अग्निशमन दलाला बोलवा.

स्फोटाबद्दलही लोक विचारतात. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. गोबरगॅसचा दाब कमी असल्याने गळती हळू होते, पण बंद स्वयंपाकघरात रात्रभर साचला तर धोका तोच. वास आला की खिडक्या उघडा आणि दिव्याचं बटण दाबू नका.

२१. गाईला स्तनदाहाची इंजेक्शनं चालू आहेत. तिचं शेण टाकू का?

टाकू नका. प्रतिजैविकं शेणातूनही बाहेर येतात आणि टाकीतल्या जिवाणूंनाही मारतात. औषध चालू असेपर्यंत आणि नंतरचा आठवडाभर तिचं शेण वेगळं ठेवा. पाच जनावरांत एकीला औषध असेल तर फारसं बिघडत नाही, दोनच असतील तर गॅस बसतो.

२२. गॅस उरतो, मग चावी उघडून हवेत सोडतो. चालतं ना?

चालत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. उरलेला गॅस जाळा: जनावरांचं खाद्य शिजवा, अंघोळीचं पाणी तापवा, शेजारी पाइप द्या. दीनबंधूमध्ये चावी बंद ठेवली तरी जास्तीचा गॅस बाहेरच्या तोंडातून बुडबुडे करत निघूनच जातो, म्हणजे 'साठवून ठेवतो' हाही गैरसमज. रोज उरत असेल तर शेण कमी टाका.

२३. बैल विकून ट्रॅक्टर घेतला. आता एकच गाय आहे, २ घनमीटरचा संच आहे.

शेजाऱ्याकडून शेण घ्या आणि बदल्यात तितकीच स्लरी द्या. त्याला तोटा नाही, तुम्हाला गॅस. हे व्यवहार गावात चांगले चालतात, फक्त मापाचं घमेलं एकच ठेवा. सोबत प्रश्न १६ प्रमाणे घरचा कचरा. तेही जमत नसेल तर टाकी मारू नका, तिला खत कुजवायचा खड्डा म्हणून वापरा. मात्र आधी गॅस पूर्ण सोडून, आणि प्रश्न २० वाचून.

२४. पंधरा दिवस गावाला जायचं आहे. टाकी मरेल का?

नाही. जाण्याआधी जास्तीचं शेण टाकून ठेवू नका. आल्यावर तीन दिवस निम्मं, मग पूर्ण.

२५. आम्ही दिवाळीनंतर कारखान्यावर ऊसतोडीला जातो, बैलही सोबत नेतो. पाच-सहा महिने घर बंद. गोबरगॅस बांधावा का?

घरी म्हातारी माणसं आणि दोन तरी दावणीची जनावरं मागे राहत असतील, तर त्यांच्या शेणापुरता १ घनमीटरचा बांधा. सगळेच जात असाल तर बांधू नका. सहा महिन्यांनी परत याल तेव्हा टाकी वाळलेली असेल, भरती नव्याने करावी लागेल, आणि मे-जूनमध्ये त्यासाठी टनभर ताजं शेण आणि तेवढंच पाणी गावात मिळणार नाही. अनुदान आहे म्हणून गळ घालायला कोणी आलं, तर त्यांना ही तारीखवार अडचण सांगा. त्यापेक्षा दोन खड्ड्यांचं कंपोस्ट करा (प्रश्न १४, स्लरीऐवजी शेणकाल्यावर). तुम्ही नसताना ते आपोआप कुजत राहतं आणि पेरणीआधी खत तयार असतं.